गरीब, कमी शिकलेले पेशंट ऑनलाइन हेल्थ रेकॉर्ड का वापरत नाहीत?

स्मार्टफोन नाही म्हणून वापरत नाहीत, असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. फोन असतो पण घरात एकच, तो मुलाकडे, ओटीपी त्याच्यावर येतो, म्हणजे बाईला स्वतःचा रिपोर्ट बघायचा तर आधी मुलाला सांगावं लागतं, आणि काही आजार घरात सांगायचेच नसतात ना. नंबर बदलला की लॉगिनच बंद. आणि कसंबसं उघडलं तरी आत काय, तर 'एचबीएवनसी ८.२'. म्हणजे साखर गेले दोन-तीन महिने बरीच वाढलेली आहे, हे साध्या भाषेत कुणी लिहितच नाही! माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण हीच. डॉक्टर-नर्सनी समोर बसवून एकदा उघडून दाखवलं तर बरेच जण वापरायला लागतात.