आजोबा माजी सैनिक होते, तेरवीला त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. काय सांगू?

तुमचे आजोबा गेले हे वाचून खरंच वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय की ते शेतकरी घरातले, फौजेत राहून आले पण लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत, म्हणून सांगायला काही नाही. मला वाटते सांगायला भरपूर असेल, फक्त ते वावरात शोधा, लढाईत नको.

माझे आबाजी (आईचे वडील) दारव्ह्याकडचे, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झाले. तेही बोलायचे नाहीत. मेडलमध्ये पश्चिमी स्टार होता म्हणून कळलं की 71 ला ते पश्चिम सीमेवर होते. विचारलं की "थंडी लय होती बाप्पा" एवढंच म्हणायचे आणि बैलाला ढेप द्यायला उठून जायचे. खरी लढाई मला आजीकडून कळली. लढाई 3 डिसेंबरला सुरू झाली, म्हणजे इकडे ऐन कापूस वेचणीचे दिवस, घरात दोन लहान लेकरं, मनिऑर्डर बंद, पत्र बंद, आणि आजी दिवसभर बाया लावून कापूस वेचायची अन रात्री पाटलाच्या घरी रेडिओ ऐकायला जाऊन बसायची. 16 ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं हत्यार टाकलं, दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही लढाई थांबली, गावात साखर वाटली, पण आबाजी काही आले नाहीत. शिमला करार व्हायला जुलै 72 उजाडला आणि दोन्हीकडच्या फौजा मागे सरकता सरकता त्या सालचा डिसेंबर आला. तोवर इकडे 72 चा दुष्काळ. त्या साली घर चाललं ते आबाजींच्या मनिऑर्डरवर आणि आजीच्या अंगमेहनतीवर, यातलं एक काढलं तर दुसरं पुरलं नसतं. म्हणून तुम्ही आजोबांबद्दल बोलताना आजीचं नाव अर्ध्या वाक्यात उरकू नका.

फौजेत वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी असते. आबाजी ती नेहमी मृगाला मागायचे. लग्नकार्य चुकलं, दिवाळी चुकली तर चालेल पण पेरणी नाही. मूर्तिजापूरला उतरायचं, तिथून शकुंतलेनं (आमच्याकडची छोटी रेल्वे) दारव्हा, तेव्हा ती कोळशावर चालायची त्यामुळे घरी येईस्तोवर शर्ट काळा, आणि काळी टिनाची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी शेण-मातीत चोळलेली सरकी घेऊन वावरात. आबाजी तिफण (पेरणीचं अवजार) हाकणार, आजी मागे सरत्यावर, म्हणजे बी सोडायच्या नळीवर. आई सांगते की बोलणं फार नसायचं पण धुऱ्यापर्यंत जाऊन तिफण वळवताना ते एकदा मागे वळून आजीकडे पाहायचे, थकली का म्हणून, आणि तिनं मान हलवली तरच पुढची काकर. मला आबाजींबद्दल एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी ही सांगीन, मेडलची नाही.

रिटायर झाल्यावर पुलगावच्या दारूगोळा डेपोत डीएससीची (माजी सैनिकांना घेणारं डेपोच्या पहाऱ्याचं दल) नोकरी मिळत होती, बरोबरचे बरेच जण तशा नोकरीत लागले, पगार पेन्शन दोन्ही. आबाजी गेले नाहीत. "लेकरं मोठी झाली अन म्या पाह्यलीच नाही" म्हणाले. मग माझ्या आईला सायकल शिकवली, यवतमाळला डीएडला पाठवली, भावकीत लोक नावं ठेवत होते तरी. मला तर यात जास्त हिंमत दिसते.

आता तुमच्यासाठी. आजी आहेत असं लिहिलंय तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, सुट्टीवर आले की पहिलं काय करायचे, कोणत्या महिन्यात यायचे, जाताना काय बोलायचे. पाहुणे जमले की हे विचारणं होत नाही. आजोबांचं डिस्चार्ज बुक पेटीत किंवा आलमारीत असेलच, ते काढा, त्यात भरतीची तारीख, मेडल आणि शेवटी चारित्र्याचा शेरा असतो. आबाजींच्या बुकात एक्झेम्प्लरी, म्हणजे आदर्श, लिहिलं होतं, आणि घरात कोणालाच ते माहीत नव्हतं. तेरवीला तारखा एकदाच सांगा, बाकी सगळं आजीकडून आलेलं सांगा, तिच्याच शब्दात, वऱ्हाडी असलं तर वऱ्हाडीच राहू द्या.

आणि या गडबडीत पीपीओवर (पेन्शनच्या आदेशाचा कागद) आजीचं नाव नीट आहे का तेही पाहून घ्या. स्पेलिंग जरी आधारपेक्षा वेगळं असलं तरी फॅमिली पेन्शन अडकून पडू शकते. तसं काही निघालं तर मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा करायचा ते तिथं सांगतात.