मुंबईची नोकरी घरून करायची म्हणून देवगडजवळ गावी कायमचा राहायला जातोय. दीड लाखात कोणती गॅजेट्स आणि सबस्क्रिप्शन घेऊ?

तुमची यादी वाचली: गेमिंग लॅपटॉप, स्मार्ट कुलूप, रोबो व्हॅक्यूम आणि चार ओटीटींची वर्षभराची वर्गणी. नवी वस्तू दिसली की माझेही हात शिवशिवतात, त्यामुळे यादीला हसणार नाही. पण मालवण तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येते एवढ्या अंतरावर, सहा वर्षं घरून काम करतोय. आता काहीही घेताना दोनच गोष्टी बघतो. लाईट आणि रेंज गेल्यावर ही वस्तू चालेल का, आणि खाऱ्या हवेत किती टिकेल?

आधी हवेचं सांगतो, कारण मुंबईहून येणारे इथेच फसतात. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि सगळीकडे बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून घेऊन विरघळायला लागतं. जूनमध्ये बरणीतलं मीठ पाणी सोडतं ना, तेच मदरबोर्डवर होतं. खारं पाणी वीज वाहून नेतं, तांबं खातं, आणि मग एक दिवस लॅपटॉप सुरूच होत नाही. गेमिंग लॅपटॉपचे दोन मोठे पंखे हीच हवा दिवसभर आत ओढतात. म्हणून तो नको. बिनपंख्याचा किंवा कमी तापणारा साधा लॅपटॉप घ्या, एसएसडी आणि १६ जीबी रॅमवाला.

आणि वस्तू वापरात ठेवा. आमच्या वाडीत दर वर्षी हाच प्रकार होतो. चाकरमानी मे महिन्यात टीव्ही झाकून, घर बंद करून जातात आणि गणपतीला येऊन बघतात तर पडदा काळा. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं रोज संध्याकाळी मालिका लावतात त्यांचा दहा वर्षांचा टीव्ही मात्र ठणठणीत. चालू वस्तू गरम राहते, ओल धरत नाही. कॅमेरा असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर लेन्सवर बुरशीची जाळी उमटते.

‘आयपी६८ फोन आहे, पाण्यात चालतो’ या भ्रमातही राहू नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, आणि पाणी आत गेल्याचा बिघाड सहसा वॉरंटीत बसत नाही. फोन लाटेत भिजला तर बंद करा, गोड्या पाण्याने हलकेच धुऊन पुसा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरणं ॲपलनेही आपल्या सूचनांत नको म्हटलंय. तांदूळ उकडा असो की सुरय (न उकडलेला).

स्मार्ट कुलूप मी लावलं होतं. पावसात ओलं बोट ओळखेना, आणि दुसऱ्या पावसाळ्यात आतली विजेची टोकं हिरवी पडली. शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता: “कुलपाक बॅटरी लागता? मगे ती संपली तर तू भायर आणि उंदीर आत!” आता पितळेचं कुलूप आहे.

खरा पैसा विजेवर घाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्याकडे चार दिवस लाईट नव्हती. पण वादळाचं सोडा, साध्या जूनच्या झडीतही दुपार दुपार जाते. १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी १२ व्होल्टला कागदावर १,८०० वॉट-तास देते, इन्व्हर्टरची गळती जाऊन १,३००च्या आसपास हाती लागतात. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ६० वॉट, लॅपटॉप ५०, राउटर १०, दोन दिवे २०. म्हणजे नऊ तास निघतात. साधे जुने पंखे ठेवलेत तर तेच दोघे मिळून दीडशे वॉट खातील आणि साडेपाच तासांत बॅटरी आटपेल. त्यामुळे तुमच्या दीड लाखातली सगळ्यात शहाणी खरेदी पंखे ही आहे, हे ऐकायला कितीही नीरस वाटलं तरी.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर एक ऐका. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि बिल खरंच उतरतं. पण साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेली यंत्रणा लाईट गेली की स्वतःही बंद होते, कारण तिची वीज उलट तारेत गेली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल. डोक्यावर ऊन आणि घरात अंधार, असं झालेली दोन घरं माझ्या ओळखीत आहेत. बॅटरी वेगळी लागतेच.

चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे फारसं जात नाही. कामाच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढा. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप टाका. जवळपास विजा पडू लागल्या की ते सांगतं, तेव्हा राउटरचा प्लग काढायचा.

सबस्क्रिप्शनचं थोडक्यात. वर्षाचं एकदम भरू नका, महिन्याचं घ्या, कारण जुलैत नेटच आठ-आठ दिवस लंगडतं. जे डाउनलोड करून बघता-ऐकता येतं तेवढंच ठेवा, पण त्यातही मेख असते. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावंच लागतं. ऑफिस सॉफ्टवेअरसाठी लिब्रेऑफिस फुकट आहे आणि मराठीला पुरतं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली, १५ जीबीत सगळं बसवायचं आहे, म्हणून फोटो दोन हार्डडिस्कवर. एक इथे, एक मुंबईला बहिणीकडे.

ऑटोपेवर, म्हणजे खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर, मात्र डोळा ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही, फक्त २४ तास आधी सूचना येते. मी न वापरलेल्या एका ॲपची सूचना आली तेव्हा आमचा टॉवर बंद होता. तिसऱ्या दिवशी सूचना आणि ‘पैसे कापले’ हे दोन्ही मेसेज एकत्रच टणकन वाजले. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या पानावर जाऊन नको ते आजच रद्द करा.

रोबो व्हॅक्यूमला आमच्या घरांचे उंबरठे ओलांडता येत नाहीत, विषय संपला.

आणि सामान हलवण्याआधी फायबरवाल्याला एक विचारून घ्या, तुमच्या घराची केबल किती माडांखालून येते. माझी तीन माडांखालून येते. झावळ पडली की मी सुट्टी टाकतो.