गावातील बालवाडी बंद पडण्याच्या मार्गावर आहे. पालकांनी वर्गणी काढून ती वाचेल का?

आपल्या गावातील खासगी बालवाडी मुलांअभावी येत्या जूनपासून बंद करण्याचे संस्थेने ठरवले आहे आणि पालक वर्गणीचा विचार करीत आहेत, असे आपण लिहिले आहे. वर्गणी लागेल, मात्र ती सर्वांत शेवटी काढावी, असे मी अनुभवाने सांगतो. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावावर तीन वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती आणि पालक समितीचा हिशेब माझ्याकडे होता.

आमच्याही पहिल्या बैठकीत, मारुतीच्या पारावर, पाच मिनिटांत वर्गणीचीच भाषा सुरू झाली. एका निवृत्त तलाठी आजोबांनी मात्र आधी संस्थेच्या वह्या मागवल्या. पगारपत्रकात बाईंच्या सहीच्या रकान्यात चार महिने सही नव्हती. तिथे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, "नंतर" एवढेच लिहिलेले होते. ती वही हातोहात फिरली आणि त्यानंतर बराच वेळ कोणी मोठ्याने बोलले नाही.

हिशेब सरळ होता. बाईंना ४,५०० आणि मदतनीस मावशींना २,००० असा महिन्याचा खर्च ६,५०० रुपये. शुल्क दरमहा २५०. म्हणजे २६ मुले हवीत आणि पटावर होती १३. पूर्वप्राथमिक वर्गांना शासनाचे वेतन अनुदान मिळत नाही आणि शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे, त्यामुळे ही तूट बाहेरून कोणी भरून काढील, ही आशा आम्ही त्याच दिवशी सोडली. आपणही हाच आकडा आधी काढावा, कारण निम्म्या पटावरची शाळा वर्गणीने फार तर एक वर्ष ढकलता येते.

मग मुले गेली कुठे? इंग्रजीच्या ओढीने शहरातील शाळेत गेली, असे पुरुष मंडळी ठामपणे सांगत होती. पारावरच्या बैठकीला बायका आल्याच नव्हत्या. म्हणून दुसरी बैठक रात्री जेवणानंतर एका घराच्या ओट्यावर घेतली आणि तिथे निराळेच कारण निघाले. शहरातील शाळेची गाडी सकाळी आठला दाराशी येत असे, तर आमची बालवाडी साडेदहाला उघडे. निंदणीला किंवा कापूस वेचायला नऊच्या आत शेतात पोहोचायचे असलेल्या बाईने मूल दीड तास कोणाकडे ठेवावे? दुसरी तक्रार एका आजींनी केली : "आमना पोऱ्या तठे काय शिकस?" त्यांचा नातू घरी येऊन कधी काही सांगत नसे. वर्षानुवर्षे बाई मुलांशी केवळ पुस्तकी मराठीत बोलत आणि घरी सगळी अहिराणी, हे आम्हाला त्या रात्री प्रथमच खटकले.

वेळ आठ ते साडेबारा केली. बाईंनी पहिले काही महिने गोष्टी आणि गाणी अहिराणीतून घेण्याचे मान्य केले. त्यांना वाटे की पालक नाराज होतील, झाले उलटेच. खेळणी घेण्याइतके पैसे नव्हते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंवर बालशिक्षण उभे केले होते, हे बाईंना प्रशिक्षणामुळे ठाऊक होते. त्यांनी सरकी, चिंचोके, कापसाची रिकामी बोंडे आणि केळीच्या खोडाचे सोपट यांवर मोजणे आणि जुळवणे सुरू केले. गावात अंगणवाडी आहेच. तिथला आहार, वजन आणि लसीकरण कोणत्याही मुलाचे चुकू नये म्हणून सेविकाताईंशी बोलून वेळा जुळवून घेतल्या. आपल्या वस्तीत अंगणवाडीच नसेल तर तिची मागणी वेगळी करा : सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे.

शुल्काचा प्रश्न रकमेचा कमी आणि महिन्याचा जास्त होता. जूनमध्ये शेतकऱ्याचा पैसा बियाणे आणि खतात जातो. नेमके तेव्हाच आम्ही शुल्क मागत होतो. आता निम्मे दिवाळीनंतर, पहिल्या वेचणीचा कापूस विकल्यावर, आणि उरलेले आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी घेतो. मजुरी करणारे बाजाराच्या दिवशी ६० रुपये देतात. जून ते ऑक्टोबर हे पाच महिने पगार भागवायला ३२,५०० रुपये लागतात आणि वर्गणी काढली ती इथे. गावातून आणि सुरतेला कामाला गेलेल्या मंडळींकडून ३५,००० जमले. ही रक्कम खर्चून टाकायची नाही. शुल्क आले की परत भरायची.

एक कंटाळवाणी, पण टाळता न येणारी गोष्ट. आमच्या संस्थेचे दोन विश्वस्त वारले होते, नोंदीत नावे तशीच होती आणि बँकेतील सहीचा अधिकार त्यांपैकीच एकाकडे होता. विश्वस्तांमधील बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. त्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, आणि उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. आमचे प्रकरण मार्गी लागायला सात महिने गेले. तोवर उरलेल्या विश्वस्तांचा लेखी ठराव घेऊन, छापील पावतीवर शुल्क घेतले. आपण संस्थेच्या माणसांना भेटाल तेव्हा पहिल्याच भेटीत खात्यावर कोणाच्या सह्या चालतात, हे विचारून घ्या. वर्गणी जमल्यावर हे कळले तर पैसे कोणाच्या घरात राहतात आणि मग लोक संशयाने बोलू लागतात.

पहिल्या वर्षी पट २१ पर्यंतच गेला आणि तूट पडली. या वर्षी २९ मुले आहेत. शहरातील गाडी अजूनही येते, तिच्यात आमच्या गावची सात मुले जातात. बाईंच्या थकलेल्या चार महिन्यांपैकी दोन महिन्यांचे पैसे दिले आहेत. उरलेले ९,००० या दिवाळीनंतरच्या हप्त्यातून द्यायचे, असे वहीत लिहून ठेवले आहे, या वेळी शाईने.