आयरिसचा संकर घरी जमतो का आणि फूल कधी दिसतं?

तुम्ही विचारलंय की दोन आयरिसचा संकर करून घरच्या घरी नवा रंग काढता येतो का, आणि किती दिवस लागतात. येतो. पण दिवस नाही, वर्षं मोजा. मे 2021 मध्ये केलेल्या संकराचं पहिलं फूल मी मे 2023 मध्ये पाहिलं.

मी ओरेगनमध्ये पोर्टलंडला राहतो. परसात दाढीवाल्या आयरिसचे दोन वाफे आहेत. कंद आल्यासारखा आडवा वाढतो. पाठ उघडी ठेवून लावायचा, खोल पुरला की कुजतो. पाचसहा तास ऊन मिळालं की बाकी लाड नकोत.

प्रत्यक्ष संकर दोन मिनिटांचा. फुलात तीन पाकळ्या उभ्या, तीन लोंबत्या, लोंबत्यांवर ती केसाळ दाढी. दाढीच्या वर पाकळीसारखीच एक कमान असते. तिच्या पोटाशी पुंकेसर दडलेला, आणि टोकाजवळ खालच्या बाजूला एक पातळ ओठ. परागकण तिथेच लागायला हवेत. एका फुलाचा पुंकेसर चिमट्याने खुडायचा आणि दुसऱ्याच्या ओठावर पूड चिकटलेली दिसेपर्यंत फिरवायचा. फूल त्याच सकाळी उमललेलं घ्या. मधमाशीला उतरायला जागा नको म्हणून मी लोंबत्या पाकळ्या तोडून टाकतो. बायको दरवर्षी हळहळते.

लगेच चिठ्ठी बांधा, आधी आईचं नाव, मग बापाचं. पेन्सिलने लिहा. मी पहिल्या वर्षी साध्या पेनने लिहिलं, पावसात शाई धुऊन गेली, आणि वाफ्यात अकरा रोपं अशी आली की त्यांचे आईबाप देवालाच ठाऊक.

संकर धरला तर फुलाखाली बोंड फुगतं. साधारण दोन-अडीच महिन्यांनी ते तपकिरी होऊन टोकाशी उकललं की बिया काढायच्या. ऑक्टोबरात कुंडीत पेरून कुंडी बाहेरच ठेवतो, कारण गारठा खाल्ल्याशिवाय बी नीट रुजत नाही. वसंतात गवतासारखे कोंब येतात. तेव्हा गोगलगायींवर नजर ठेवा, एका रात्रीत कुंडी साफ करतात.

रंगाचं म्हणाल तर भडक लाल आयरिस अजून कुणाला जमलेलं नाही. 'लाल' म्हणून मिळतं ते विटकरी नाहीतर मरून. पांढऱ्या पाकळीला जांभळी कड असलेली नक्षी साध्या जांभळ्याशी जोडली, तर मुलांमध्ये ती बहुधा दिसतच नाही. पुढच्या पिढीत क्वचित डोकं काढते.

तुम्ही पुण्यात आहात, तिथे या जातीला पुरेशी थंडी नाही. जास्वंदावर हात बसवा, काम असंच आहे.

माझ्या 38 रोपांपैकी दोनच ठेवली, बाकी कंपोस्टात. नव्या जातींची नावं अमेरिकन आयरिस सोसायटीकडे नोंदवता येतात, पण माझी अजून नुसती क्रमांकावर आहेत. एक मळकट पिवळं, कडेला तपकिरी. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "करपलेली पुरणपोळी दिसतेय रे." घरात तेच नाव पडलंय.