मीडिया आणि फॅशनमध्ये मेकअप आर्टिस्ट व्हायचं तर कोर्स करावाच लागतो का? व्हिडिओ बघून शिकलं तर चालेल?

व्हिडिओ बघून हात वळतो, पण तो बहुतेक वेळा स्वतःच्याच चेहऱ्यावर. या कामात रोज वेगळी त्वचा, वेगळा अंडरटोन (त्वचेखालून जाणवणारी रंगछटा), वेगळे डोळे समोर येतात. त्यामुळे कोर्स करणार असाल तर सर्टिफिकेट कुणाचं मिळतं हे नंतर बघा. आधी विचारा, किती वेगवेगळ्या चेहऱ्यांवर सराव मिळतो आणि केलेला मेकअप कॅमेऱ्यातून तपासतात का.

हा दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिलिकाची बारीक पावडर आरशात दिसतसुद्धा नाही, पण फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पांढरे डाग उमटतात. मूकपटांच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग जवळपास टिपतच नसे, म्हणून लाल ओठ पडद्यावर काळे यायचे. १९३०च्या दशकात टेक्निकलरची तीन रंगांची फिल्म-पद्धत आली तेव्हा जुना चकाकणारा बेस चालेना आणि मॅक्स फॅक्टर या मेकअप कंपनीने पॅन-केक हा न चकाकणारा बेस काढला. आपला मेकअप शेवटी लाइट आणि लेन्स ठरवतात. निव्वळ आरशासमोर शिकवणाऱ्या क्लासला मी तरी फी भरणार नाही.

फिल्म-मालिका आणि फॅशन ही दोन कामं वेगळ्या स्वभावाच्या माणसांची आहेत. सेटवर सीन उलटसुलट क्रमाने शूट होतात. मारामारीतल्या मुक्या माराचा डाग आधी लालसर, मग निळा-जांभळा, शेवटी हिरवट-पिवळा. आज कथेतला कितवा दिवस चाललाय हे फोटो आणि नोंदी बघून जुळवायचं, आणि बाकी वेळ मॉनिटरवर डोळा ठेवून टचअपला तयार राहायचं. चिकाटी लागते. (प्रोस्थेटिक, म्हणजे कृत्रिम भाग चिकटवून चेहरा बदलणं, हे तर वेगळंच शास्त्र, ते स्वतंत्र शिकावं लागतं.) रॅम्पच्या मागे मात्र मुख्य आर्टिस्टने ठरवलेला एकच लुक थोड्या वेळात अनेक मॉडेल्सवर हुबेहूब उतरवायचा असतो. तिथे स्वतःची कला दाखवायला गेलात तर पुढच्या शोला बोलावणार नाहीत.

कोर्सनंतर थेट काम मिळेल असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. एखाद्या अनुभवी आर्टिस्टला असिस्ट करा. सुरुवातीला ब्रश धुणं, किट लावणं, स्पॅच्युलाने लिपस्टिक काढून देणं एवढंच वाट्याला येईल. पण सेटवर कुणाशी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे तिथेच कळतं. स्वच्छतेत हयगय नको. मस्काऱ्याची कांडी एकदा पापणीला लागली की परत ट्यूबमध्ये जात नाही.

पोर्टफोलिओसाठी नवख्या फोटोग्राफर आणि मॉडेलसोबत टेस्ट शूट करा. एडिट करून गुळगुळीत केलेले फोटो त्यात ठेवू नका, जाणकार माणूस त्वचा झूम करून बघतो. टेस्ट शूटमध्ये सगळेच फुकट काम करतात, ते ठीक. पण ब्रँडची जाहिरात असेल आणि तुम्हाला पैशांऐवजी फक्त 'एक्स्पोजर', म्हणजे प्रसिद्धी, देऊ म्हणत असतील, तर तुमचे दर सांगा.