संध्याकाळी वजनं उचलल्यावर रात्री कार्ब लोडिंगसाठी (म्हणजे कार्ब्ज, कर्बोदकं, भरपूर खाऊन स्नायूंतला ऊर्जेचा साठा भरण्यासाठी) काय खावं?

सरळ उत्तर: भात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब्ज असतात, फॅट जवळपास नाहीच, आणि पोटाला तो हलका पडतो. दोन मोठ्या वाट्या भात, वर साधं वरण, सोबत दही किंवा अंडी-चिकन, एवढं पुरे. मूगडाळीची मऊ खिचडीही उत्तम, फक्त तुपाचा हात आखडता ठेवा.

भाताचा कंटाळा आला तर उकडलेलं रताळं किंवा बटाटा. शंभर ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या आसपासच कार्ब्ज मिळतात, त्यामुळे भातापेक्षा जास्त खावं लागतं. पोहेही चालतात; कोरड्या पोह्यांत शंभराला पाऊणशेच्या वर कार्ब्ज असतात. ज्वारी-बाजरीची भाकरी एरवी चांगलीच, पण तंतू जास्त. झोपण्याआधी चार भाकऱ्या म्हणजे रात्रभर पोट डब्ब.

वडापाव, पुरी-श्रीखंड, साबुदाण्याची खिचडी यांना ‘कार्ब लोडिंग’ म्हणणारे जिममध्ये बरेच भेटतात. साबुदाणा खरंच जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, पण खिचडीत शेंगदाणा कूट आणि तूप किती पडतं ते बघा की!

मॅरेथॉनवाल्यांसारखं शरीराच्या वजनाच्या किलोमागे 8–10 ग्रॅम कार्ब्ज खायची तुम्हाला गरज नाही. दिवसभराचे मिळून किलोमागे 4–5 ग्रॅम बहुतेकांना पुरतात, त्यातला मोठा वाटा व्यायामानंतर ठेवा. सकाळी काटा किलोभर वर गेला तरी घाबरू नका, ग्लायकोजेन (स्नायूंत साठलेले कार्ब्ज) स्वतःबरोबर पाणी साठवतं. मधुमेह असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.