आधी गोळीच्या पट्टीवरचं नाव वाचा

*पत्र : वय 36, दोन मुलं, शिवाजी पेठेत एकत्र कुटुंब. पूर्वी ह्यांच्याजवळ मला पुरतं सुख मिळायचं. दिवाळीनंतर जीव घाबरायला लागला, म्हणून मानसोपचाराची गोळी सुरू झाली. घाबरणं थांबलं, झोप लागते. पण तेव्हापासून संबंधात शेवटचा तो क्षण येतच नाही. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून आल्याचं नाटक करते. मैत्रीण म्हणते, स्टँडजवळच्या वैद्याचं तेल आण. माझं प्रेमच आटलं का हो?*

ताई, प्रेमाचं नंतर बघू. आधी गोळीच्या पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांपैकी काही असेल, तर पहिला संशय तिच्यावरच घ्यायचा. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या या गोळ्यांनी जीव थाऱ्यावर येतो, पण ऑरगॅझम, म्हणजे तुमचा तो शेवटचा क्षण, लांबतो, कधी अजिबात येत नाही. पुरुषांचंही तसंच होतं, तेही सांगत नाहीत. आधी सगळं ठीक, मग गोळी, मग हा त्रास, हा क्रम तुम्हीच लिहिलाय.

म्हणून उद्यापासून गोळी बंद, असं मात्र करू नका. अचानक सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं आणि जुनी भीतीही परत येऊ शकते. डॉक्टरांना एवढंच सांगा : "गोळी सुरू झाल्यापासून संबंधात शेवटचं सुख मिळत नाही." तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून केसपेपरसोबत पुढे सरकवा. ते डोस कमी करतील, गोळी बदलतील किंवा जोडीला बुप्रोपियॉन नावाची दुसरी गोळी देण्याचा विचार करतील. ती सगळ्यांना चालत नाही, फिट येणाऱ्यांना तर नाहीच. थायरॉइड, साखर, पाळी, कोरडेपणा यांचीही चौकशी होईल, मोकळेपणी सांगा.

तेल नको. त्यात काय घातलंय ते विकणाऱ्यालाच ठाऊक, आणि आग झाली तर सोसायची तुम्ही.

आता त्या नाटकाचं. तुम्ही रोज "झालं" म्हणताय, मग ह्यांनी वेगळं काही करायचं तरी कशाला? खरं सांगा, पण अंथरुणात नको. दुपारी चहा घेताना सांगा, आणि दोष गोळीचा आहे हे आधी सांगा. बहुतेक बायकांना नुसत्या संभोगाने तो क्षण येत नाही. योनीच्या तोंडाच्या वर, बाहेरच्या बाजूला असलेल्या शिश्निकेला (क्लिटोरिसला) स्पर्श लागतो. दिसतो तो तिचा जेमतेम शेंडा, बाकीचा बराच भाग आत असतो, हे हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन सर्जनबाईंनी 1998 साली नीट दाखवून दिलं. इतक्या उशिरा! गोळी चालू असताना हा स्पर्श जास्त वेळ लागतो. कुठे आणि कसा, हे आधी स्वतःच्या हाताने, एकटीने शोधलंत तर ह्यांना सांगणं सोपं जाईल. त्यात पाप नाही, सेक्स थेरपिस्टही हेच शिकवतात. कोरडं वाटलं तर मेडिकलमधून पाण्याचा बेस असलेलं जेल आणा; खोबरेल तेलाने कंडोम फाटतो.

आणि भिंतीपलीकडे सासूबाई खोकत असताना कुणाचं चित्त लागणार? रविवारी सासू-सासरे जोतिबाला निघाले की मुलांनाही सोबत धाडा. त्या दुपारी शेवट गाठायचाच असं काही ठरवू नका, नुसतं जवळ राहा.

डॉक्टरांच्या पुढच्या तारखेला ह्यांनाही घेऊन जा. गोळीबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलं की ह्यांच्या मनातली शंका लवकर फिटेल.